पहिले हुक टांग

देवाजींनी माझा रूळ काढून घेतला, तेव्हा मला गिरणीत लागून जेमतेम तासभर झाला होता.

गोंदियातली ही एक भातगिरणी. आमचा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी नागपूरच्या कॉलेजात शिकत होतो, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि सुटीत मालकांची पत्रं लिहायला गिरणीत बसत होतो. पत्राला समास आखायला रूळ लागतो. मी तसं देवाजींना नम्रपणे सांगितलं.

"लाकडाचा आहे, गोल आहे, हातभर आहे," ते म्हणाले. "याच्यानं डोस्कं फुटते का नाही फुटत?"

"पण मी कशाला कोणाचं डोकं फोडू?"

"तू आज नाही फोडून राहिला. उद्याचं कोणी पाह्यलं, बाबू?"

पुढचा सगळा महिना मी पोस्टकार्डाच्या कडेनं समास आखला.

देवाजी गिरणीच्या दारावर असत. पूर्वी ते हमालच होते. दाराशी त्यांनी एक फळी ठोकली होती आणि तिच्यावर खिळे. पोतं उचलायचा लोखंडी हुक प्रत्येक हमालानं काम नसताना त्या फळीवर टांगायचा, हा त्यांचा कायदा. हातात हुक असताना कोणी आवाज चढवला की देवाजी मध्ये जाऊन उभे राहत. "पहिले हुक टांग, मंग बोल." टांगून परत येईपर्यंत निम्म्या लोकांना काय बोलायचं होतं ते आठवत नसे. मला मात्र याचा भयंकर वैताग येई, कारण मालकही त्यातून सुटत नसत. एकदा ते हातातली छत्री हलवत रागावत होते. देवाजींनी ती अदबीनं काढून घेतली आणि खिळ्याला लावली.

याहून वाईट म्हणजे तंबाखूची चौकशी. आमच्याकडे हमाल एकमेकांना तंबाखू मागतात आणि मागितलेला तंबाखू कोणी नाकारत नाही. देवाजी स्वतः तंबाखू खात नसत, पण कोणी कोणाला मागितला, कोणी कोणाला दिला, याची त्यांना रोज सकाळी बित्तंबातमी हवी असे. मला ही शुद्ध भोचकगिरी वाटायची. अर्धं पत्र झालं की ते टेबलाशी हजर.

"बाबू, सुकराम चार दिवसांपासून कोनाले तंबाखू मागून नाही राहिला."

"सोडला असेल."

"तंबाखू नाही सोडला. मानसं सोडली." मग आवाज खाली आणून, "मुकादम त्याले रोज बैल म्हनते, साऱ्यांच्या समोर. तू मालकाले सांग. तुह्यं आयकतीन ते. तू लिवनारा मानूस."

मी म्हणालो, सुकरामनं तक्रार लिहून द्यावी. सुकरामला लिहिता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मुकादम मालकांच्या नात्यातला होता आणि पुढच्या सुटीतही मला हे काम हवं होतं. देवाजींनी तीन दिवस तेच सांगितलं. तीन दिवस मी वैतागून हो म्हटलं आणि पत्रं लिहीत राहिलो.

चौथ्या दिवशी दुपारी सुकराम दाराजवळ शिदोरी सोडून बसला होता. मुकादम आला. "ए बैल, चल उठ, गाडी लगी है," म्हणत त्यानं शिदोरीला पायानं ढकललं. भात मातीत सांडला.

सुकराम उठला, फळीकडे गेला. त्याच्या खिळ्यावर हुक नव्हता. तो देवाजींनी सकाळीच कुठेतरी लपवला होता. पण शेजारच्या खिळ्यावर दुसऱ्याचा होता. सुकरामचा हात तिकडे गेला आणि देवाजी त्याच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. मुकादम जागीच थिजला होता. मीही.

"सुकराम," देवाजी म्हणाले, "थोडासाक तंबाखू दे गा."

सुकराम त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं कमरेची चंची काढली. तंबाखू मळायला दोन्ही हात लागतात. चुना लावून तो मळत राहिला, कितीतरी वेळ, आणि मळता मळता खाली बसून रडायला लागला. देवाजींनी मागे हात करूनच मुकादमाला जायची खूण केली आणि ती चिमूट तोंडात टाकली.

मी लगेच मालकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तीन दिवस गप्प बसलो होतो, तेही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मुकादम हमालांवर नव्हता.

पण त्या प्रसंगाच्याच संध्याकाळी देवाजी कोंड्याच्या ढिगामागे ओकत होते. मी पाणी नेलं. चूळ भरून ते तिथंच टेकले.

"फळीवर शेवटच्या खिळ्याले हुक आहे, पाह्यला का?"

पाहिला होता. गंजलेला होता. तो कधी कोणी काढत नसे.

"माह्या आहे. आमी दोघं जोडीनं पोतं उचलत होतो, मी आन माह्या जोडीदार. एक डाव भांडन झालं. तो दुपारी आला, म्हने, देवाजी, तंबाखू दे. मी नाही देलो. माह्या हातात हुक होता." त्यांनी स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवलं. "त्याचा हा हात वर नाही होत आता. देवरीले राहते. तवापासून मी तंबाखू खाल्लो नाही."

"भेटता का त्यांना?"

"दर दसऱ्याले जातो मोटरनं. तंबाखूचा पुडा नेतो. तो बाहेर नाही येत. त्याची बायको दारातून घेते."

"मग खातात का ते?"

देवाजींनी पाण्याचा लोटा मला परत दिला.

"मालूम नाही, बाबू," ते म्हणाले. "पन वापस नाही करत."