पहिल्या दोन ओळी

अकरा वाजता साहेबांची सही झाली की ब्लॉगकाका हेडक्लार्क होणार होते, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी मोबाईल उघडला. त्यांचंच लिखाण सगळ्या ऑफिसच्या मोबाईलवर फिरत होतं: 'आमचे साहेब म्हणजे दगड. या माणसाला काळीजच नाही.'

त्यांनी लेकीला फोन लावला. "अगं, हे काय करून ठेवलंस?"

"बाबा, एवढे लांबलचक ब्लॉग हल्ली कोण वाचतं? मी सोय केलीये. पहिल्या दोन ओळींची आपोआप छोटी पोस्ट होते. चारशे लाइक आलेत!"

"लाइक घाल चुलीत! साहेबांचं कौतुक नवव्या परिच्छेदात सुरू होतं गं!"

हीच तर काकांची खोड. आधी माणसाला यथेच्छ सोलायचं आणि मग हळूहळू डोक्यावर घ्यायचं. पुढच्या दोन हजार शब्दांत साहेब किती मायाळू, याचं साग्रसंगीत वर्णन होतं. पण तिथवर जायला सवड आहे कुणाला? लेकीने पोस्ट काढून टाकली, तोवर लोकांनी त्या पोस्टचे स्क्रीनशॉट गावभर केले होते.

"काका, धाडस केलंत हो," टायपिस्टबाई कुजबुजल्या. "पण नेमकं आजच?"

तेवढ्यात शिपाई आला. "साहेबांनी बोलावलंय. लगेच."

केबिनमध्ये टेबलावर बढतीचा कागद होता आणि साहेबांच्या हातात मोबाईल. "हे तुम्ही लिहिलंत?"

"साहेब, ते अर्धवट आहे हो! पाया पडतो, पण पूर्ण ब्लॉग वाचा."

साहेब वाचू लागले. काका घाम पुसत उभे. नवव्या परिच्छेदाशी साहेबांचं बोट थांबलं, तेव्हा काकांना जरा हायसं वाटलं. पण साहेबांचा चेहरा लालबुंद होत चालला होता.

"'उशिरा येणाऱ्यांना साहेब गुपचूप माफ करतात.' 'कुणी रडवेला चेहरा केला की रजा मंजूर.' हे जगाला सांगायची काय गरज होती?"

"कौतुक आहे ते, साहेब!"

"कसलं डोंबलाचं कौतुक! ती दोन ओळींची पोस्ट फिरली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सगळे दहाच्या आत जागेवर होते. म्हटलं, हेडक्लार्क असावा तर असा! आणि खाली ब्लॉगमध्ये तुम्ही माझा सगळा धाक घालवून बसलात! आत्ताच्या आत्ता ब्लॉग काढून टाका, तरच सही."

काकांनी ब्लॉग काढून टाकला. साहेबांनी सही ठोकली. काका दारापर्यंत गेले आणि घुटमळले.

"साहेब, शेवटपर्यंत वाचलंत?"

"अक्षर न् अक्षर. म्हणून तर काढायला लावला!"

बाहेर टायपिस्टबाई जीव मुठीत धरून उभ्या होत्या. "काय झालं काका? सही केली का?"

"केली, केली," काका म्हणाले. सहीचा विषय त्यांनी हातानेच उडवून लावला. "अहो, पण साहेबांनी माझा ब्लॉग शेवटपर्यंत वाचला!"