काकासाहेबांची बसलेली डिस्क

कॉम्प्युटरचं बटण दाबून दाबून काकासाहेबांचा अंगठा लाल झाला होता. पडदा काळा. त्यावर एकच ओळ, हार्ड डिस्क सापडत नाही. आतून नुसतं टक, टक, टक.

"संध्याकाळी भंगारवाला गोरक्ष टेम्पो घिऊन येतोय," मुक्ताबाई भाजी निवडत म्हणाल्या. "तवर चालू झाला तर ठिवा. न्हाई तर भंगारात. त्या कोपऱ्यात माझी घरघंटी बसनार."

"खाली गिरणी आहे ना दळायला?"

"तुमी जाता का डबा घिऊन? लगीन झाल्यापासून मीच जाती."

मास्तरकीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने जन्मात दळणाचा डबा उचलला नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. असले अभिमान आपल्याकडे घरोघरी सापडतात.

सावेडीत पहिला कॉम्प्युटर आपलाच, असं काकासाहेब सांगायचे. खरंखोटं कुणी बघायला गेलं नाही. पण चालू केला की पडद्यावर एक निळा बैल यायचा. लेकीने, दिपालीने, लहानपणी माऊसने काढलेला. दिपाली आता पुण्यात, तिला फोन करायलाही सवड नाही. बैल मात्र रोज सकाळी भेटायचा.

टकटक ऐकून वरच्या मजल्यावरचे पीटर सर उतरलेच. ज्याच्या घरचा नळ वर्षभर गळतोय, तोच दुसऱ्याचं यंत्र बघायला आधी धावतो.

"आतली चकती चिकटलीय. जुन्या डिस्कांचं होतं असं. जरा शेकली की सुटेल."

"तवा मिळनार न्हाई!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मग गरम पाण्याची पिशवी आली. डिस्क बाहेर काढून बाळंतिणीसारखी शालीत गुंडाळली, शेकली, परत बसवली. टक, टक.

"आता हलकीच टपली मारा."

काकासाहेबांचा हात पोरांच्या पाठींवर तयार झालेला. हलकं त्याला ठाऊकच नव्हतं. डिस्क ढिम्म, टेबलाचा पाय मात्र खिळखिळा झाला आणि टेबल डुगडुगायला लागलं.

"सर, आता काय?"

"प्रार्थना."

"तुमची का आमची?"

"ज्याची लवकर पोचेल त्याची!"

पोचली कुणाचीच नाही. घरघंटी आणि गोरक्ष मात्र एकदमच दारात उभे. घरघंटीवाल्याला घाई. त्याने चाकांवरची पेटी ढकलत नेली आणि थेट टेबलाला भिडवली. "रिकामी फिरवू नका, बिघडंल. दाणे टाकूनच," एवढं बजावून तो पळाला.

"उचलू का मास्तर?" चहा संपवून गोरक्षने विचारलं.

"थांब रे, शेवटचं एकदा." काकासाहेबांनी बटण दाबलं. टक, टक.

"बास झाला तमाशा," म्हणत मुक्ताबाईंनी घरघंटीत बाजरी ओतली आणि बटण दाबलं.

घरघंटी घरघरली. तिला टेकलेलं डुगडुगतं टेबल थरथरलं, टेबलावरचा कॉम्प्युटर थरथरला, आणि त्या थरथराटात डिस्क सुटली. घूं करून फिरायलाच लागली. थोड्या वेळाने पडद्यावर निळा बैल उभा.

"अट काय होती?" काकासाहेब ओरडले. डोळे पुसत होते. पीठ गेलं म्हणे.

मुक्ताबाईंनी मोबाईलवर बैलाचा फोटो काढून दिपालीला धाडला. "निघाला फोटू. आता न्या की भंगारात."

"अट चालू व्हायची होती!"

गोरक्ष रिकामा टेम्पो घेऊन गेला.

तासाभरात लाईट गेली. परत आली तेव्हा डिस्क पुन्हा चिकटलेली. काकासाहेबांचा हात घरघंटीकडे गेला.

"रिकामी फिरवायची न्हाई!"

"मग बाजरी दे."

"घरातलं समदं दळून झालं. बाहीरून आना."

आता त्या इमारतीतलं कुणी गिरणीत जात नाही. रोज सकाळी काकासाहेब डबा घेऊन जिने चढतात, भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. मुक्ताबाई खुर्चीत निवांत चहा पितात.

"सर, दळण?"

"अहो, कालच नेलं की!"

"मग तांदूळ द्या. बारीक करून देतो."

परवा गोरक्षचा टेम्पो भोंगा वाजवत चालला होता. काकासाहेबांनी गॅलरीतून जोरात हाक मारली. गोरक्षने करकचून ब्रेक लावला.

"द्यायचा का मास्तर शेवटी?"

"नाही रे," काकासाहेब कठड्यावरून ओणवून म्हणाले, "तुझ्या घरी बाजरी आहे का?"