तळाशी उरलेलं तूप

आमच्या राजेंद्र नगरात कुणाकडे नवा जावई आला की वानखेडे सर त्याला आपादमस्तक न्याहाळतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "लिपिड की फॅक्टर?"

एक बिचारा घाबरून म्हणाला, "जी, सिव्हिल इंजिनियर."

सर कॉलेजात पेशीविज्ञान शिकवून रिटायर झाले. आजोबा महूच्या पलटणीत होते, तो परेडचा आवाज नातवाच्या गळ्यात उतरलाय. त्या आवाजात ते अख्ख्या कॉलनीला शिकवतात. "पेशीत दोन तऱ्हेची मंडळी बघा. लिपिड म्हणजे स्निग्ध माल. भिंती बांधतात, साठवण करतात, गुमान राहतात. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणजे साहेब! डीएनएवर जाऊन बसायचं आणि हुकूम सोडायचा, हा जीन चालू, तो बंद. समझे भिया?" मग माझ्या पोटावर नजर ठेवून, "तुम्ही तर उघड लिपिड."

मी सांवेर रोडवरच्या कारखान्यात खोकी मोजतो, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. पोह्यांच्या गाडीवरही तेच. "शेव लिपिड, वरून भुरभुरलेला जिरावन मसाला फॅक्टर. असतं चिमटीभर, पण अख्खी प्लेट बदलून टाकतं!" गाडीवाला हसून जास्तीचं जिरावन टाकायचा. मग सर ठसकायचे.

स्वतःच्या घराची विभागणी त्यांनी केव्हाच करून टाकली होती. "मी फॅक्टर. आणि आमच्या ह्या लिपिड."

यावर स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज ठरलेला. "मग हेही सांगा ना, की काही लिपिड भिंत ओलांडून थेट आत जातात आणि साहेबांना हलवून जागं करतात! तोवर साहेब पेंगतच असतात!"

"स्टेरॉइड हॉर्मोन," सर पडेल आवाजात कबूल करायचे. "करेक्ट बोलतेय यार." आणि निमूट दही आणायला निघायचे.

गेल्या थंडीत काकू गेल्या.

सरांचा वर्ग बंद पडला नाही. फक्त "आमच्या ह्या लिपिड" म्हणून झालं की ते थांबतात. मान किंचित स्वयंपाकघराकडे वळते. मग ते दुसरंच काहीतरी बोलू लागतात.

होळीला आमच्या सौभाग्यवतींनी त्यांच्यासाठी पुरणपोळ्या दिल्या. सर खूश झाले, दोन ताटल्या मांडल्या. मी आपला घरच्यासारखा स्वयंपाकघरात शिरून तूप शोधू लागलो. फडताळात एक बरणी सापडली. तळाशी दोन चमचे तूप होतं, काकूंनी कढवलेलं. मी चमचा घातला.

"हात नका लावू!"

असा आवाज परेडवरही लागत नसेल. मी चमचा बाहेर काढला. खवट वास आला.

"सर, खराब झालंय हे. मी घरून ताजं आणतो."

"ऑक्सिडेशन. चाळीस वर्षं मीच शिकवलंय." त्यांनी बरणी हातातून काढून घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "एक फॅक्टर फार मजेशीर असतो. पेशीच्या आतल्या एका पडद्यात, म्हणजे लिपिडमध्येच, बांधलेला. कोलेस्टेरॉल भरपूर आहे तोवर जागचा हलत नाही. कमी पडलं की त्याला तोडून मोकळा करतात. मग धावत सुटतो तो केंद्रकाकडे. संपत आलंय, नवीन बनवा!"

"आणि बनवतात?"

"पेशीत बनवतात." त्यांनी झाकण घट्ट लावलं, बरणी होती तिथेच ठेवली. "इथं हुकूम गेला, तर बनवणार कोण, भिया?"

आम्ही बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसून पुरणपोळी कोरडीच खाल्ली. पाणी आणायला दोघांपैकी कुणीच आत गेलं नाही.