ओमप्रकाशचा तिखट राक्षस

"ओमप्रकाशभाऊजींचा राक्षस मोठा जबर हाय, बरं का," चंद्रकला म्हणाली आणि तिनं नवऱ्याच्या ताटात भाकर वाढली. ताराचंदनं तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला.

भाकर चांगली होती, वरणही चांगलं होतं. पण आपल्या घरात, आपल्या पाटावर बसून, आपल्याच बायकोच्या तोंडून शेजाऱ्याच्या राक्षसाची तारीफ ऐकायची म्हणजे माणसानं काय करावं? त्यातून राक्षस मुळात ताराचंदचा. अख्ख्या तांडापेठेला ठाऊक होतं ते.

घरातला हातमाग बंद पडला आणि ताराचंद मिलमध्ये पहिल्या पाळीला जाऊ लागला, तेव्हा किनारीच्या नक्षीचे भोकं पाडलेले पुठ्ठे ढिगानं पडून राहिले होते. चुलीत घालायला त्याचा जीव होईना. मग त्यानं ते कापून त्यांचे पत्ते केले, लुगड्याच्या रंगानं त्यांच्यावर गदा, तलवारी, मंतरलेलं पाणी असं काय काय काढलं आणि एक सात डोक्यांचा राक्षस रंगवला. या डावात एकमेकांना हरवायचं नव्हतं. हातात शस्त्रांची पानं घेऊन सगळे खेळणारे एका बाजूला आणि राक्षस एकटा दुसऱ्या बाजूला. पाळी आली की मधल्या पालथ्या गठ्ठ्यातलं पान उचलायचं, पान उचललं की राक्षस कुणाचं तरी एक शस्त्र पळवणार, मग उरलेल्या शस्त्रानं त्याचं डोकं उडवायचं. सातही डोकी उडाली की राजकन्या सुटली. ताराचंद स्वतः राक्षसामागे स्टुलावर बसायचा आणि शस्त्रं ओढून घ्यायचा. उन्हाळ्याच्या दुपारी वाळ्याच्या ताट्याआड गल्लीतल्या बायका जमायच्या, आणि ताराचंद पाळी संपवून आला की "आले, आले" म्हणून त्याला जागा करून द्यायच्या. चार महिने त्याचे असे सुखाचे गेले.

मग शेजारच्या रिकाम्या घरात ओमप्रकाश राहायला आला. भिवापूरच्या मिरच्यांचा व्यापारी. आला, चार डाव बसून खेळला, आणि पाचव्या डावाला म्हणाला, "ताराचंदभाऊ, खेळ एक नंबर हाय. पण थोडा फिक्का लागून राहिला."

फिक्का. ताराचंदच्या राक्षसाला फिक्का.

ओमप्रकाशनं तिथल्या तिथे नवा नेम काढला. राक्षसाची तीन डोकी उडेपर्यंत कुणी अवाक्षर बोलायचं नाही. जो बोलेल त्याची सगळी शस्त्रं राक्षसाला. बायका आधी हसल्या, मग खेळल्या, मग हरल्या, आणि हरल्यावर जी चटक लागली ती सुटेचना. त्या डावाचं नाव पडलं तिखट राक्षस. ताराचंदच्या डावाला आता सादा म्हणू लागले, म्हणजे आजाऱ्याला पेज द्यावी तसा. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याचं कौतुक, आणि पीठ दळणारा उभा जात्यापाशी. ताराचंदच्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून.

एक दिवस तो मिलमधून घामाघूम होऊन आला. बैठकीत डाव रंगला होता.

"चहा टाकतं का वं?" त्यानं विचारलं.

चंद्रकलेनं ओठांवर बोट ठेवलं.

"अवं, चहा."

तिनं डोळे वटारले. त्याच्या आईनं, म्हाताऱ्या रुख्माबाईनं, हातानं "बस गप" अशी खूण केली. उमरेडहून आलेले चंद्रकलेचे मामा दारातल्या बाकावर केव्हाचे ताटकळत बसले होते. ते हळूच ताराचंदच्या कानाशी लागले. "जावाईबापू, घरात कोनी गेलं का? मी आल्यापासून कोनी बोलूनच नाही राहिलं."

मामांना चहा ताराचंदनं स्वतः करून दिला, आणि दूध उतू घालवलं. बायको आपली आणि तिचं मौन मात्र ओमप्रकाशचं. तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. त्यानं तिथेच ठरवलं, असा राक्षस करायचा की गल्लीनं ओमप्रकाशचं नाव विसरलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे चंद्रकलेनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं पाहिजे, की जबर राक्षस तो तुमचा.

मिलच्या जेवणाच्या सुट्टीत तो पत्ते मांडून एकटाच स्वतःशी खेळू लागला. नेम रचला तो असा. गठ्ठ्यातलं पान उचललं की राक्षस शस्त्र तर पळवणारच, शिवाय त्याचं एक उडालेलं डोकं परत उगवणार. आणि गठ्ठा संपला की राजकन्या गेली, डाव बुडाला. ताराचंद खेळला आणि हरला. पुन्हा खेळला, पुन्हा हरला. जितका हरला तितका खूश झाला. स्वतःच्या हरण्यावर मिशीत हसणारा माणूस त्या मिलनं आधी पाहिला नव्हता.

रविवारी त्यानं सगळ्यांना बोलावलं. ओमप्रकाशला मुद्दाम, आणि त्याच्या बायकोला, इंदुताईंना, त्याहून मुद्दाम.

"याचं नाव जहाल राक्षस," तो स्टुलावर बसत म्हणाला. "पाहा बरं, जमते का."

पहिला अर्धा डाव त्याच्या मनासारखा झाला. डोकी उडत होती आणि उगवत होती. ओमप्रकाशच्या कपाळावर घाम आला. "बापा, हे तं भलतंच काम हाय," तो म्हणाला. ताराचंदला वाटलं, याच वाक्यासाठी आपण जन्म घेतला. होता होता गठ्ठ्यात एकच पान राहिलं. पाळी रुख्माबाईची होती.

"उचल ना, माय," ताराचंद म्हणाला.

"काहून उचलू? शेवटचं हाय ते."

"मंग?"

"मंग काय? माग उघडा पाडू का मी?"

आता कोष्ट्याच्या घरात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कापड उतरवलं तरी जुन्या सुताची टोकं मागावर तशीच ठेवतात आणि नवं सूत त्यांनाच जोडतात. माग रिकामा केला की सगळी ओवणी पहिल्यापासून. आधी ती सोय होती, मग रीत झाली, आणि रुख्माबाईच्या वयाला पोचेपर्यंत तिचा धर्म झाला होता. ती माउली डब्यातली शेवटची चिमूट साखरसुद्धा कुणाला काढू देत नसे.

"मी नाही उचलत," ती म्हणाली. पुढच्या बाईनंही नाही उचललं. तिच्या पुढचीही कोष्ट्याचीच लेक.

आणि मग चंद्रकलेनं तोंड उघडलं. "पान उचललं तं राक्षस चालते ना? मंग नाही उचललं तं तो बसूनच राह्यते. डोस्कंबी नाही उगवत." ती हसली. "मले ठाऊकच होतं, मायजी शेवटच्या पानाले हात लावू देत नाहीत. म्हणून मी शस्त्रं राखून ठेवली होती."

एकट्या तिनंच नाही, सगळ्यांनीच राखून ठेवली होती. मग बायकांनी आरामात, सुपारी कातरत, गप्पा मारत, जहाल राक्षसाची सातही डोकी एकामागून एक उडवली. बिचारा राक्षस हलूही शकला नाही, आणि त्याच्यामागे स्टुलावर ताराचंदही.

"सादाच हाय की," इंदुताई म्हणाल्या. "उलटा सोपा हाय."

"असं नाही चालत," ताराचंद उठलाच. "पान उचललंच पायजे. मी खेळून पाह्यलं, मी उचललं होतं."

सुपारी कातरणारे अडकित्ते जागच्या जागी थांबले.

"तू उचललंस?" रुख्माबाईनं विचारलं. "शेवटचं?"

"पत्ता हाय तो माय, माग नाही."

"मागाचाच पुठ्ठा हाय ना? तुह्या बापानं जनमभर माग उघडा नाही ठेवला, अन् तू मिलीत बसून शेवटचं पान उचलून राहिला?" म्हातारीनं पदर खोचला आणि उठली. तिच्यामागे गल्ली उठली. ओमप्रकाश दारात नम्रपणे म्हणाला, "आजी, आमच्या वऱ्हांड्यात बसू. तुमी म्हणान तसं, शेवटचं पान राहू द्या." त्याला काय जातंय रीत पाळायला? तो मिरच्या विकणार. पण म्हातारी विरघळली, आणि ताराचंदची सख्खी आई शेजाऱ्याच्या वऱ्हांड्यात जाऊन बसली. पत्तेही घेऊन गेली.

तीन दुपारी ताराचंद भिंतीपलीकडचं हसणं ऐकत एकटा बसला. मधे मौनाची वेळ आली की पलीकडे चिडीचूप व्हायचं, आणि ते त्याला हसण्यापेक्षा जास्त झोंबायचं. चौथ्या दुपारी चंद्रकला पाणी प्यायला घरात आली, तेव्हा त्यानं विचारलंच.

"त्या ओमप्रकाशमध्ये असं काय हाय?"

"काही नाही," ती म्हणाली. "राक्षस तं तुमचाच चांगला हाय. रंगवलाबी किती झ्याक."

"मंग?"

"भाऊजी आमच्या संगं बसतात, आमच्या संगं हारतात. तुमी राक्षसाकून बसता. घरचा माणूस समोरून माही गदा ओढून नेते अन् वरून हासते. कसं वाटन माणसाले?"

ताराचंद उठला. त्यानं सदरा घातला आणि तो तिच्यामागून गेला. ओमप्रकाशनं चटई सरकवून जागा दिली, चंद्रकलेच्या बरोबर समोर. राक्षसामागे इथे कुणीच बसत नसे, ज्याची पाळी तोच आपलं एक शस्त्र त्याच्यापुढे ठेवून द्यायचा. इतक्या दिवसांत ताराचंद पहिल्यांदाच हातात पत्ते घेऊन माणसांच्या बाजूला बसला होता.

डाव तिखटच होता. तोवर तो कुणालाच जिंकता आला नव्हता, कारण न बोलता कुणाकडे काय आहे हे कळणार कसं? पण पहिल्याच फेरीत चंद्रकलेची डावी भुवई जराशी वर गेली. ही भुवई ताराचंद ओळखत होता. पाहुण्यांसमोर घरातलं दूध संपलं की ती अशीच वर जायची. म्हणजे तलवार नाही. त्यानं आपली तलवार टाकली. मग तिनं नाकातली नथ सारखी केली. ते म्हणजे, हे मामा आता उठत नाहीत, तुम्ही काहीतरी करा. त्यानं मंतरलेलं पाणी टाकलं. तोंडातून शब्द न काढता त्या दोघांनी राक्षसाची पहिली तीन डोकी उतरवली, आणि पुढची सगळ्यांनी मिळून. तिखट राक्षस पडला. रुख्माबाईनं मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि मनातल्या मनात ते शेवटचं पान त्याला माफ केलं.

"पाहा," इंदुताई नवऱ्याला म्हणाल्या. "ताराचंदभाऊ बायकोचं मन कसं वाचतात."

ओमप्रकाशचं तोंड मिरचीचं पोतं भिजल्यासारखं झालं. "हे काही खरं नाही," तो म्हणाला. "उद्यापासून नवा नेम. पुऱ्या डावात नवरा-बायकोनं एकमेकाच्या तोंडाकडे पाहाचं नाही."

"यात नवं काय हाय?" इंदुताई पत्ते गोळा करत शांतपणे म्हणाल्या. "आपल्या घरी लगन झाल्यापासून हाच डाव चालू हाय."

वऱ्हांडा हसून हसून लोटपोट झाला. ओमप्रकाश मात्र चटईचं टोक उसवत बसून राहिला.

ताराचंद घरी आला तो तरंगतच. चंद्रकलेनं त्याच्यासाठी पाटोडीचा रस्सा केला होता, झणझणीत, वर तेलाचा तवंग आलेला. तो पाटावर बसला. तिनं भांड्यातल्या पाटोड्या निवडून निवडून वाटीत काढल्या, वरून रस्सा घातला, कोथिंबीर घातली. ताराचंदनं हात पुढे केला.

"थांबा जरा," ती वाटीवर झाकण ठेवत म्हणाली. "हे आंधी भाऊजीले देऊन येते. किती तोंड उतरलं होतं बिचाऱ्याचं. मले तं पाहवेना."

आणि ती गेली. ताराचंद कोरडी भाकर हातात धरून भिंतीकडे कान लावून बसला.