कोळंबीचा पहिला पेशंट

बँकेचे मॅनेजर पुन्हा एकदा पळाले, तेव्हा डेंटिस्टने भुलीची सुईसुद्धा भरून ठेवली होती. तो बाहेर डोकावला, तर खुर्चीवर उघडं मासिक आणि पलीकडे अजून हलणारं दार.

“फोन आला म्हणाले,” काउंटरवरून आत्याने सांगितलं. ही डेंटिस्टची सख्खी आत्या. दवाखान्यात नंबर लावायचं काम तिच्याकडे होतं आणि पेशंटसमोरही ती पुतण्याला ‘बाळ्या’ म्हणायची. “फोन वाजलाच नव्हता. नुसताच कानाला लावून ‘हॅलो, हॅलो’ करत गेले. आत तुझं ते मशीन घुर्र करायला लागलं, आणि ह्यांचा रंग उडाला.”

मॅनेजर म्हणजे साधा पेशंट नव्हता. बँकेतल्या सगळ्या लोकांच्या दातांची तपासणी कायमची कोणाकडे सोपवायची हे तेच ठरवणार होते, आणि आधी स्वतःची दुखरी दाढ दाखवून मगच ठरवीन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. नाहीतर रस्त्यापलीकडे डेंटिस्टच्या मेहुण्याचं चकचकीत क्लिनिक होतंच. “दाजी, कशाला ते रिकामं दुकान उघडून बसता? माझ्याकडे या, लहान मुलांच्या दातांचं तुम्ही बघा,” असं मेहुणा दर वाढदिवसाला, तोंडात केक असताना सांगायचा. बँकही त्याच्याकडे गेली, तर डेंटिस्टला खरोखरच त्याच्या हाताखाली जावं लागणार होतं.

“तू माझ्या भावाच्या हाताखाली गेलास ना,” बायको म्हणाली, “तर मला जन्मभर दोघांच्या तक्रारी ऐकाव्या लागतील. काहीतरी कर.”

डेंटिस्टने जे केलं ते म्हणजे मत्स्यालय. पोहणाऱ्या माशांकडे पाहिलं की माणसाची धडधड कमी होते, असं त्याने वाचलं होतं. साधे गोड्या पाण्यातले मासे त्याला नको होते. त्याला समुद्र हवा होता, प्रवाळांसकट.

बायको कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. “पाणी माझ्याकडे,” तिने जाहीर केलं. “प्राणी तू आण. पण प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारूनच आण. कोण कोणाला खातं?”

पाण्याचं तिने चोख केलं. मीठ विरघळवलं, खडक रचले, आणि पाणी मुरेपर्यंत नवऱ्याला टाकीत बोटसुद्धा बुडवू दिलं नाही. मग खडकांवर जांभळी-हिरवी प्रवाळं आली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलं क्लाउनफिशचं जोडपं आलं. त्यांना आत्या ‘नवरा-नवरी’ म्हणू लागली, कारण ते कायम एकमेकांना चिकटून असायचे आणि खाणं आलं की भांडायचे. पाठोपाठ निळ्या चिमुकल्या माशांचा एक घोळका आला.

पेशंट माशांकडे बघायचे खरे, पण एक डोळा दाराकडे ठेवून. आतलं मशीन घुरघुरलं की दोन्ही डोळे दाराकडे.

मासे विकणाऱ्या दुकानदाराने तेव्हा एक लाल-पांढरी कोळंबी दाखवली. “साहेब, ही तुमच्याच धंद्यातली. मोठे मासे हिच्यापुढे तोंड उघडून उभे राहतात. ही आत शिरते आणि दात साफ करून बाहेर येते.”

डेंटिस्ट त्या कोळंबीकडे असा बघत राहिला, जशी कॉलेजातली जुनी मैत्रीण भेटावी. प्रतीक्षेत बसलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय समजवायचं? मासा स्वतःहून तोंड उघडतो, साफसफाई होते, मासा पोहत निघून जातो. ना आरडाओरडा, ना पळापळ.

कोळंबी टाकीत आली. एका उंच खडकावर जागा धरून, पांढऱ्या मिशा हलवत ती पेशंटची वाट बघू लागली. कोणीच येईना. नवरा-नवरी तिच्याकडे ढुंकूनही बघेनात. निळ्या माशांची तर तोंडंच इतकी लहान होती की आत जायचं म्हटलं तरी तिला जमलं नसतं.

“अगदी तुझ्यावर गेलीय,” आत्या म्हणाली. “दुकान उघडून बसलीय बिचारी, आणि गिऱ्हाईक नाही.”

हे डेंटिस्टला लागलं. तो कोळंबीसाठी पेशंट आणायला निघाला.

दुकानात त्याने टॉर्च काढला आणि एकेका माशाचं तोंड तपासायला सुरुवात केली. एक देखणा मासा त्याने लगेच नापास केला. “हे पुढचे दात बघा. हा कोळंबीचे तुकडे करील.” दुसऱ्याचेही दात अणकुचीदार होते. शेवटी कोपऱ्यातल्या टाकीत त्याला पिवळा, गुबगुबीत, खडबडीत गोळा दिसला. आधी तो त्याला स्पंजच वाटला. मग त्या स्पंजने जांभई दिली. जबडा एवढा उघडला की डेंटिस्टच्या तोंडून आपसूक ‘छान’ निघालं. टॉर्चच्या उजेडात नाव घेण्यासारखा एक दात दिसला नाही.

“हा कोण?”

“फ्रॉगफिश. एकदम शांत. दिवसभर जागचा हलत नाही.” दुकानदार जरा घुटमळला. “फक्त लोक ह्याला एकटा ठेवतात.”

“का?”

“स्वभावाने एकलकोंडा आहे.”

“माझ्याकडे येणारा प्रत्येक जण एकलकोंडाच असतो,” डेंटिस्ट म्हणाला. “द्या बांधून.”

बायकोने त्या गोळ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. “विचारलंस का, कोणाला खातो?”

“अगं, दातच नाहीत त्याला!”

“चावायला दात लागतात. गिळायला कशाला?”

“तू पाण्याचं बघ,” डेंटिस्ट म्हणाला. “तोंड हा माझा विषय आहे.”

फ्रॉगफिश एका खडकाला टेकून बसला तो बसलाच. सगळ्यांकडे बघायचा, बोलायचा कोणाशीच नाही. आत्याने त्याचं नाव ‘मामंजी’ ठेवलं. “आमचे सासरे अस्से बसायचे. घरात काय चाललंय सगळं ठाऊक, पण उठायचे फक्त जेवायला.”

थोड्याच दिवसांत आत्याला शंका आली. “बाळ्या, ते निळे मासे विरळ झालेत का रे?”

“खडकांत लपत असतील.”

“आणि मामंजींचं पोट सुटलंय.”

“त्यांना आपलं पाणी मानवलंय,” डेंटिस्टने बायकोकडे बघत श्रेय वाटून टाकलं. बायकोने ते घेतलं नाही. तिने टाकीसमोर खुर्ची ओढली, निळे मासे मोजले, आणि दुकानदाराला फोन लावला. “तुमचा मासा घेऊन जा. आज. आत्ता.” दुकानदार दुपारी यायचं कबूल झाला.

पण दुपारच्या आधी बँकेचे मॅनेजर आले. गाल सुजलेला, मान वाकडी, हातात फोन तयार. बाकीच्या खुर्च्यांवर आणखी काही पेशंट होते, आणि त्यातले दोघे मॅनेजरांच्याच हाताखालचे. साहेब काय करतात ते बघून ते आपलं ठरवणार होते.

आतलं मशीन बंद असूनही मॅनेजर उठायच्या बेतात दिसले. नेमक्या त्याच वेळी मामंजींनी जांभई दिली आणि कोळंबीच्या मिशा ताठ झाल्या. खडकावरून उतरून ती तुरुतुरु त्यांच्याकडे निघाली.

“साहेब, एक मिनिट!” डेंटिस्ट हातमोज्यांसकट धावत बाहेर आला. “सगळेच बघा. ह्या माशासारखं फक्त तोंड उघडून शांत बसायचं असतं. आणि ही कोळंबी म्हणजे मी समजा.”

“तू बाजूला हो,” बायको दबक्या आवाजात म्हणाली. “ती जाळी दे मला.”

“थांब गं! पहिला पेशंट आहे तिचा.”

कोळंबीने मामंजींच्या ओठाला हळूच स्पर्श केला. मामंजी हलले नाहीत. तिने ओठावर पाय ठेवला. त्यांनी तोंड आणखी उघडलं.

“पाहिलंत?” डेंटिस्टचा आवाज भरून आला होता. “किती विश्वास! पेशंटचा डॉक्टरवर, डॉक्टरचा पेशंटवर.”

पुढे काय झालं ते कोणालाच दिसलं नाही, इतकं ते चटकन झालं. कोळंबी होती, आणि मग नव्हती. मामंजींचं तोंड मिटलेलं होतं. ओठांच्या कोपऱ्यातून एक पांढरी मिशी तेवढी बाहेर होती. तीही सावकाश आत गेली.

“गेली गं बाई डॉक्टरीण!” आत्या किंचाळली.

डेंटिस्टने डोळे मिटून घेतले. दार उघडल्याचा आवाज आता येईल, मग पावलांचा, मग दोन कर्मचाऱ्यांच्या पावलांचा. उद्यापासून मेहुण्याकडे लहान मुलांचे दात. तो वाट बघत राहिला. दार वाजलंच नाही. त्याऐवजी एक विचित्र फसफस ऐकू येऊ लागली.

मॅनेजर हसत होते. सुजलेला गाल हाताने दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. “आई गं... दुखतंय हो... पण डॉक्टर, इतकी वर्षं मी उगाचच घाबरत होतो की!”

“म्हणजे?”

“पेशंटला काय झालं? काही नाही. मजेत बसलाय बघा. धोका असतो तो डॉक्टरला!”

दोघे कर्मचारीही हसू लागले. मॅनेजरांनी फोन खिशात टाकला, बाह्या वर केल्या आणि हातवारे करत स्वतःच आत गेले. “चला, चला. माझ्यानंतर ह्या दोघांना घ्या. आणि बाकीच्या सगळ्यांना मी सोमवारपासून पाठवतो.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या हातात जाळी तशीच होती. “जा,” ती म्हणाली. “उभा काय राहिलास?”

डेंटिस्ट आत गेला. मॅनेजर खुर्चीत आरामात रेलले होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि ते पुष्कळच मोठं उघडलं. डेंटिस्टने दिवा जवळ ओढला. दुखरी दाढ एका बाजूला होती. बाकी सगळे दात शाबूत, भक्कम, वर-खाली घट्ट बसणारे. असं निरोगी तोंड त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तो आरसा हातात धरून नुसताच बघत राहिला, आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला.

मॅनेजरांनी तोंड मिटून त्याच्या हातावर थोपटलं.

“डॉक्टर,” ते प्रेमाने म्हणाले, “घाबरायचं नाही. दीर्घ श्वास घ्या, आणि तयार झालात की मला सांगा.”