भोंगा वाजण्याआधी

मंगळवारी परुळेकर एका कारखान्याच्या आवारात पडले. शुक्रवारी ते गेले.

पडले तेव्हा कोणी घाबरलं नाही, कारण पडणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. वसई पूर्वेच्या लहान कारखान्यांना रसायनांच्या सुरक्षेचे नियम समजावायचे, ते पाळायला लावायचे आणि मग प्रमाणपत्रावर सही करायची, हा त्यांचा व्यवसाय. सहीआधी मॉक ड्रिल. थिनरचं पिंप गळलंय, वाफेने एक माणूस बेशुद्ध झालाय असं समजायचं. भोंगा वाजला की कामगारांनी त्याला उचलून फाटकाबाहेर मोकळ्या हवेत आणायचं. हा बेशुद्ध माणूस नेहमी स्वतः परुळेकर असत. वजन ब्याण्णव किलो.

"हलका माणूस कोणीही उचलेल," ते म्हणत. "अपघात वजन बघून होत नाही."

बेशुद्ध असताना ते सतत बोलत. डोळे मिटलेले, तोंड चालू. मान का सोडली. पाय आधी का उचलले. मला नेताय तिकडेच वाफही चाललीय, वारा बघा जरा. एका फोरमनने वैतागून त्यांना गप्प राहायला सुचवलं, तर आडव्यानेच उत्तर आलं, "मी बेशुद्ध आहे, बावळट नाही."

नालासोपाऱ्यात आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला, म्हणून रसायनांची माहितीपत्रकं आणून ते माझ्याकडून सोपं मराठी करून मागत. मी 'श्वसनमार्गाचा दाह' लिहिलं की खोडून 'घसा जळतो' करत. "अहो पुस्तकवाले, खोकणारा माणूस शब्दकोश उघडत नाही." जाताना माझ्या स्वयंपाकघरात शिरून फिनेलची बाटली तेलापासून दूर ठेवत. माझी पत्नी गेल्यापासून घरात ते एकटेच येत असत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. पंधरा वर्षांत आम्ही 'अहो'वरून खाली आलो नाही आणि मनातलं असं काही कधी बोललो नाही.

तो कारखाना रंगाचा, जूचंद्रच्या अलीकडे. मालकाने ड्रिल चार वेळा पुढे ढकललं होतं. ऑर्डर अडलीय, माणसं कमी आहेत, नुसती सही करून टाका साहेब. सहीवाचून त्याचा परवाना अडला होता, आणि दुसरा कोणी सही करून देईल अशी धमकीही त्याने दिली होती. परुळेकर हटले नाहीत. बावीस माणसं तिथे थिनरमध्ये हात घालतात, ती बाहेर कशी येणार ते बघितल्याशिवाय पेन उघडणार नाही, म्हणाले. शेवटी मंगळवारी अकराची वेळ मिळाली.

पावणेअकराला ते पडले. पॅकिंगमधल्या संगीताला वाटलं, सर परीक्षा घेतायत, मुद्दाम आधीच पडले. तिने चौघांना हाक मारली, स्वतः मान धरली आणि वारा बघून निघाली. फाटकाशी मात्र ती थबकली.

"सर कायच बोलले नाय," ती नंतर मला म्हणाली. "तवाच मना समजला."

सगळ्यांनी त्यांना तसंच टेम्पोत घालून हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका आहे, जरा उशीर झाला असता तर वाटेतच गेले असते.

बुधवारी मालक फॉर्म घेऊन खाटेशी आला. त्याचं म्हणणं, ड्रिल तर झालंच की साहेब, तीन मिनिटांत. परुळेकरांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"भोंगा वाजला नव्हता. ड्रिल परत करा."

मग भेटायला आलेल्या संगीताला जवळ बोलावलं. "मान कोणी धरली होती?"

"मी, सर."

"चांगली धरलीस."

प्रत्येक कामगाराच्या खिशात एक कार्ड हवं, त्यावर नाव, रक्तगट आणि कोणाला कळवायचं ते, हा परुळेकरांचा नियम. त्यांच्याही खिशात होतं. ते बघूनच संगीताने मला फोन केला होता. शुक्रवारी नर्सने त्यांच्या वस्तू माझ्या हाती दिल्या तेव्हा मी ते वाचलं. माझं नाव, माझा नंबर. नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहून खोडलेलं. पुढे काही लिहिलेलं नव्हतं. माझे शब्द इतके खोडणाऱ्या माणसाला तिथे शब्द सापडला नव्हता.

महिन्याने ड्रिल झालं, भोंगा वाजवून. मालक स्वतः पांढऱ्या शर्टात जमिनीवर आडवा झाला. संगीताने त्याला दोनदा परत ठेवून पुन्हा उचलायला लावलं. सही नव्या सल्लागाराने केली.

कारखाना चालू आहे. कार्ड माझ्याकडे आहे.