भूपालअण्णांचं बेअरिंग

इंजिनावर गाळलेलं पाणी शिंपडणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. निपाणीत तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. भूपालअण्णा, तंबाखूचे व्यापारी, पक्के जैन. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली एक फटफटी, शेजारी माणूस बसायच्या डब्यासकट, त्यांनी घेतली. ती आली बैलगाडीतून. इंजिनातलं बेअरिंग गेलं होतं.

"मेस्त्री ठोकून बसवतोय," अण्णा म्हणत. "ठोकलं की बसायची जागाच बिघडत्या. तापवायचं, मास्तर, तापवायचं!"

मग इंजिनाचं कवच थेट त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आक्कांच्या चुलीवर. नवं बेअरिंग ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली, गार व्हायला. कवच तापून फुगलं की गार बेअरिंग आपसूक आत बसतं, असं त्यांचं शास्त्र. पुरेसं तापलं का, हे पाहायला थेंब टाकायचा. तो नाचला पाहिजे. पाणी गाळलेलं, लाकडं किडामुंगी बघून झटकलेली. आणि दिवस मावळला की चूल बंद! बेअरिंग अर्ध्यात वाकडं अडकलेलं असलं तरी अण्णा हात धुऊन मोकळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

आक्का घरी असत्या तर त्यांनी ते धूड परसात भिरकावलं असतं. पण त्या बेळगावला दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते, "घरी न्या" म्हणून सांगितलं होतं. आक्कांनाही घरीच यायचं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा अण्णांना म्हणाल्या, "मोटरीत मळमळतंय मला. तुमच्या फटफटीतनंच न्या. दारात उतरतो, मग खुशाल मरतो."

गल्लीतले लोक अण्णांना विचारत, "काय, आमटी शिजली का?" मीही विचारायचो. पण आतून धास्ती होती. आक्का तोवर थांबतील का? म्हणून शाळा सुटली की मी पक्कड धरायला जायचो.

एके दिवशी जमलं. परसात अजून ऊन होतं. थेंब नाचला, अण्णांनी बेअरिंग सोडलं आणि ते सरळ तळाला जाऊन बसलं. निवल्यावर मी बोटानं फिरवून पाहिलं. आवाज म्हणून नाही. मी ओरडलोच, "अण्णा, झालं! आता गाडी जोडा आणि आक्कांना आणा!"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी कवच उचलून पुन्हा चुलीवर ठेवलं.

"वाकडं बसलंय."

"कुठं वाकडं? चांगलं सरळ आहे की!" माझा आवाज चढला. "तिकडं त्या वाट बघतायत, अण्णा."

"बघू दे," ते चुलीकडं तोंड करून म्हणाले. "दारात उतरल्याबिगर ती जायची न्हाय, मास्तर. शब्दाची लई पक्की हाय."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. कवच तापलं. त्यांनी ते पाटावर हलकेच उपडं आपटलं. चांगलं बसलेलं बेअरिंग खाली पडलं.

मी उठलो आणि फडकं भिजवून आणलं.